मोठ्या खिळ्यांचा दुष्काळ

आमच्या ह्यांना कशावरही एकच इलाज ठाऊक. कमी पडलं ना, मंग आणखी मागवा. घरात डबे कमी पडले, आणखी डबे. डबे ठेवायला फळी कमी पडली, आणखी फळी. आहे त्या डब्यांत काय भरलंय ते उघडून बघू, असं कुणी म्हटलं की ह्यांना लगेच स्टेशनवर पार्सल सोडवायला जायचं आठवतं. सासरे वारले तेव्हा जालन्यातल्या मस्तगडचा छापखाना ह्यांच्या गळ्यात पडला, आणि छापखान्याच्या गळ्यात हे पडले. नाव गजानन. विघ्नं हरायचं काम मात्र माझ्याकडं.

मी सांगते ती गोष्ट अठ्ठावन्न सालची. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. जुन्या जालन्यात मुलींची नवी शाळा निघाली होती, आणि तिथल्या मोठ्या बाई, दुर्गाबाई, पहिलीच्या मुलींसाठी वाचायचं पुस्तक शोधून राह्यल्या होत्या. शाळेची पावतीपुस्तकं घ्यायला आल्या तेव्हा मी त्यांना माझी वही दाखवली. मी माहेरी परतूरला सातवीपर्यंत शिकलेली. दुपारी फुरसत असायची, तेव्हा लिहिलं होतं. सोळा पानं. त्यात बोरं होती, शेळी होती, कुंडलिका नदीचं पाणी होतं, पोळ्याचे बैल होते, शेवटी एक गोष्ट होती. दुर्गाबाईंनी उभ्या उभ्या सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, अरुंधती, पाडव्याला पाटीपूजन आहे, त्या दिवशी प्रत्येक मुलीच्या हातात हे पाहिजे. न्हाई जमलं तर मी पुण्याची पुस्तकं मागवीन, आणि एकदा ती आली की पाच वर्षं तीच चालतील. बाईंचं बोलणं असंच, कापून दिल्यासारखं.

मला ते पुस्तक पाहिजे होतं. उगीच आढेवेढे कशाला घेऊ. लग्नाला सात वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला न्हवता, आणि चार बायका जमल्या की माझ्याकडं बघून आवाज खाली करायच्या. त्या सात वर्षांत मी माझ्या मनानं केलेली ही एकच गोष्ट होती, आणि ती मला पाडव्याच्या आत छापून पाहिजे होती.

आता छापखान्यातलं थोडं सांगते, म्हणजे पुढची पंचाईत कळंल. अक्षरं म्हणजे शिशाचे खिळे. प्रत्येक अक्षराचा खिळा वेगळा, कान्याचा वेगळा, वेलांटीचा वेगळा. लाकडी खान्यांतून एकेक उचलायचा, ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, सुतळीनं बांधायचं, मशीनवर चढवायचं. छापून झालं की पान सोडायचं आणि एकेक खिळा परत आपापल्या खान्यात. तेच खिळे उद्या दुसऱ्या कामाला. बारीक खिळे आमच्याकडं रगड. पण पहिलीच्या पोरींना मोठं अक्षर लागतं, आणि मोठे खिळे लागायचे ते फक्त लग्नपत्रिकांवर नवरानवरीच्या नावांना आणि वरच्या श्रीला. ते होते बेताचेच.

खिळे जुळवायचे मच्छिंद्रकाका. सासऱ्यांच्या वेळेपासूनचे कंपोझिटर, त्याआधी हैदराबादच्या छापखान्यात वीस वर्षं काढलेली. खिळ्यांवर अक्षर उलटं असतं, तर काका उलटं इतकं सरसर वाचायचे की सरळ लिहिलेलं वर्तमानपत्र वाचताना अडखळायचे. दिवसाला मोजून तीन वाक्यं बोलायचे, त्यातलं एक तंबाखूच्या डबीशी.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. आमच्या पायमशीनवर एका वेळी चार पानं निघायची. काकांनी एक पान जुळवलं, दुसऱ्याच्या तीन ओळी जुळवल्या, आणि थांबले. काने संपले म्हणाले. तासाभरानं वेलांट्या संपल्या. संध्याकाळी म संपला, आणि काका रिकाम्या खान्यांपुढं हात बांधून बसले.

आमचे हे म्हणाले, आणखी मागवू. मी म्हटलं, दिवाळीत पुण्याहून मोठ्या खिळ्यांचं पार्सल आल्तं ना. आल्तं, संक्रांतीपर्यंत संपलं. त्याच्या आदल्या वर्षी पण आल्तं. ते पण संपलं. तरी ह्यांनी पुण्याला पत्र टाकलं, आणि उत्तर आलं की माल दोन महिन्यांनी मिळेल. दुष्काळात तेरावा महिना तो हा.

मंग ह्यांनी डोकं चालवलं. ह्यांनी डोकं चालवलं की मला धडकी भरते. आधी म्हणाले, काने कमी आहेत तर बिनकान्याचे शब्द लिही की. घर लिही, नळ लिही, सरबत लिही. मी म्हटलं, आई लिहायला काना लागतो, आईबिगर पुस्तक काढायचं का? दुसऱ्या दिवशी नवीन कल्पना. चार पानं एकदम न करता एकेक पान जुळवायचं, छापायचं, सोडायचं. बराबर आहे ना, म्हणाले. हजार प्रती, सोळा पानं, म्हणजे रामकिसननं सोळा हजार वेळा पायमशीन हाणायचं, आणि दारात वैशाखातल्या लग्नांच्या पत्रिका उभ्या. रामकिसन आमचा मशीनवाला. त्यानं हा आकडा ऐकला आणि आधी खाली बसून घेतलं.

मी एकटीच एका गोष्टीवर अडून होते. आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात ते खरं, पण आमच्या आडात दरसाल पाणी पडताना मी डोळ्यांनी बघितलं होतं. दोन पार्सलं आली. खिळे काही भाजीत घालता येत न्हाईत, चोराच्या कामाचे न्हाईत. मंग जातात कुठं? मी ह्यांना विचारलं. वापरात जातात, म्हणाले. वापरून झाल्यावर कुठं जातात? तर ह्यांना स्टेशनवर जायचं आठवलं.

मंग मी पदर खोचला आणि बघायला लागले. समोरच्या खोलीत काही न्हाई. मागच्या खोलीत कागदाची रिमं असतात, ती मी रोजच काढायची, पण रिमांच्या पलीकडं भिंतीला ज्या फळ्या आहेत तिकडं कधी लक्ष न्हवतं. त्या फळ्यांवर पुडकी. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली, ओळीनं मांडलेली. एक सोडून बघितलं तर आत जुळवलेली लग्नपत्रिका, जशीच्या तशी, वर श्री, खाली नवरानवरीची नावं मोठ्या खिळ्यांत. प्रत्येक पुडक्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नावं आणि साल. मी मोजली. त्रेसष्ट. जालन्यात चार-पाच वर्षांत लागलेली लग्नं आमच्या मागच्या खोलीत अजून लागूनच होती. काखेत कळसा आणि आमचे हे पुण्याला वळसा.

आमच्या लग्नाची त्यात दिसली न्हाई. सासऱ्यांनी कधीच सोडली असणार, असं वाटलं आणि बरं वाटलं, एवढं कबूल करते.

काकांना बोलावलं. काकांनी पुडक्यांकडं बघितलं, माझ्याकडं न्हाई. म्हणाले, मांडलेला संसार आहे वहिनी, घरात पाळणा हलल्याबिगर मोडायचा न्हाई. पेढा आला की सोडतो. मी विचारलं, आजपर्यंत किती पेढे आले? काकांनी बोटं मोजली. तीन. चौथा आल्ता, पण तो मुलाचा होता का कुणाच्या मॅट्रिकचा ते नक्की न्हवतं, म्हणून ती पत्रिका ठेवली.

आता जालन्यात काय पोरं जन्माला येत न्हवती का? गल्लीतून चालायला जागा न्हाई इतकी पोरं. पण पोर झाल्यावर छापखान्यात पेढा नेऊन द्यायचा असतो, हे काकांशिवाय एकाला ठाऊक असेल तर शपथ. लोक घरी पेढे वाटून राह्यले, काका छापखान्यात वाट बघून राह्यले, आणि मधल्या मधी माझे काने अडकले.

हे आले, त्यांना सांगितलं. मालकी आठवली की ह्यांचा आवाज चढतो. म्हणाले, सगळ्या तोडा, आत्ताच्या आत्ता. काकांनी हातातलं काम खाली ठेवलं, खुंटीवरची टोपी घेतली आणि डोक्यावर ठेवली. काका गेले तर जालन्यात दुसरा मराठी खिळे जुळवणारा न्हाई, हे ह्यांना टोपी बघितल्यावर समजलं, आणि आवाज आपोआप खाली आला.

मी म्हटलं, थांबा. नियम काकांचा, तो काकांपाशी राहू दे. पेढे मी आणते.

चिठ्ठ्यांवरून यादी केली आणि निघाले. पहिलं घर मस्तगडातच, द्वारकाबाईंचं. मी विचारलं, तुमच्या सुनेला मूलबाळ? तीन होती, धाकटं त्यांच्याच मांडीवर. का गं विचारतेस, म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या छापखान्यात खिळे अडकलेत, पेढा दिला तर सुटतील. त्यांनी पहिलंच वाक्य धरलं होतं, माझा मुलाबाळांचा प्रश्न. पुढचं ऐकलंच न्हाई. डोळ्यांत पाणी आणून मला देवापुढं नेलं, पाटावर बसवलं, ओटीत तांदूळ आणि नारळ घातला, आणि पिंपळाला कुठल्या वारी किती फेऱ्या घालायच्या ते सांगितलं. मी खिळ्यांचं परत सांगायला लागले तर म्हणाल्या, लाजू नकोस. पेढा मात्र दिला.

दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरी मी पोचायच्या आधी बातमी पोचली. गजाननची बायको लेकुरवाळ्या घरचे पेढे मागत फिरून राह्यली, कुण्या महाराजानं सांगितलंय म्हणे. संध्याकाळपर्यंत माझ्याकडं नऊ पेढे, अकरा नारळ आणि सात उपाय जमले. एका घरी तर दाराशी मला बघितल्याबरोबर सासूनं सुनेला हाक मारली, तान्हं घेऊन ये गं, हिच्या मांडीवर ठेवू. ठेवलं. त्यानं जे करायचं ते केलं, आणि सगळ्यांना तो मोठा शुभशकुन वाटला. लुगडं माझं होतं.

मला संताप आल्ता. रोज घरी येऊन मी तो ह्यांच्यावर काढायची. पण एकेका पेढ्यामागं एकेक पुडकं सुटून राह्यलं होतं, आणि खान्यांत काने पडताना टक टक आवाज यायचा, तो ऐकला की राग उतरायचा. ज्या घरी पेढा न्हवता तिथून गुळाचा खडा आणला. काकांनी गूळ हातात घेऊन विचार केला आणि चालेल म्हणाले. ज्यांना अजून मूल न्हवतं त्या घरी मी सरळ विचारायची, तुमची पत्रिका सोडू का? लोक हसायचे. आमची पत्रिका तिथं कशाला ठेवली, आम्हाला ती काय करायची, सोडा की. घरच्यांनी सोड म्हटल्यावर काकांचं बी काही म्हणणं न्हवतं. नारळाची बर्फी करून करून माझे हात दुखायला लागले. हे खाऊन खाऊन थकले न्हाईत.

शेवटचं पुडकं जांब समर्थच्या बद्रीनाथ पाटलांच्या थोरल्या लेकाचं, त्रेपन्न सालचं. अर्ध्या वाटेपर्यंत मोटारीनं गेले, पुढं जांबला जाणारी एक बैलगाडी मिळाली. बद्रीनाथ शेतात होते, घरी त्यांच्या बायको साळूबाई होत्या. मी आता शहाणी झाले होते. आधी खिळ्यांचं सांगितलं, मुलाबाळांचं नंतर. साळूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मंग म्हणाल्या, आवं, पेढे तर आमच्या मालकांनी तवाच नेऊन दिल्ते. नातू झाला तशी चार शेराची हंडी घेऊन छापखान्यात गेल्ते, तुमच्या मालकाच्या हातात दिली. लई खूश झाले म्हणं, हंडी ठेवून घेतली.

हंडीचं मी मनात नोंदवून ठेवलं. साळूबाईंनी ओटी भरली न्हाई, उपाय सांगितला न्हाई. पुस्तकात काय काय आहे ते विचारलं. मी पोळ्याचं पान तोंडपाठ म्हणून दाखवलं, तर त्यांच्या लेकीची पाच-सहा वर्षांची मुलगी दारातून पुढं आली आणि खांबाला धरून ऐकत उभी राह्यली. माझ्या पुस्तकाची पहिली वाचणारी ती. अजून छापलं न्हवतं, पण मला ते छापल्यासारखं वाटलं.

घरी येऊन ह्यांना हंडीचं विचारलं. हे म्हणाले, मला वाटलं, गिऱ्हाईक कामावर खूश झालं. चार शेर पेढे, आणि मला एक आठवत न्हाई. मी विचारलं, काकांना का न्हाई दिला? म्हणाले, काका गोड खात न्हाईत. खरंच खात न्हवते. आलेला प्रत्येक पेढा ते कागदात बांधून देवळात ठेवायचे. तो मुद्दा वेगळा.

असे त्रेसष्ट सुटले. खाने काठोकाठ भरले. पहिली चार पानं निघाली, सोडली, पुढची चार, त्याच्या पुढची चार. रामकिसन शीळ घालत मशीन मारायला लागला. दुर्गाबाई बारा पानं बघून गेल्या आणि, बरं आहे, म्हणाल्या. त्यांच्या तोंडून बरं आहे म्हणजे पुष्कळ झालं. पाडव्याला चार दिवस राह्यले होते.

शेवटच्या चार पानांत गोष्ट होती. गोष्टीला अक्षरं जास्त लागतात. काकांनी तीन पानं जुळवली, चौथं अर्ध्यावर आणलं, आणि थांबले. काने संपले म्हणाले. पंधरा-सोळा कमी पडत होते, आणि वरच्या पानावरची, म्हणजे मुखपृष्ठावरची नावं अजून जुळवायची होती.

चार दिवस. हे म्हणाले, गोष्ट थोडी कमी कर. म्हणण्यासारखंच होतं, तीन ओळी काढल्या असत्या तर जमलं असतं. पण गोष्टीतल्या मुलीला घरी पोचवणाऱ्याच त्या तीन ओळी होत्या. तिला वाटेत सोडून पुस्तक कसं संपवू? मी म्हटलं न्हाई, आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. रडायला गेल्ते, खोटं कशाला बोलू. पण रिकाम्या फळ्यांवर सात वर्षांची धूळ, ती बघून रडण्याच्या आधी फडकं घेतलं. आमचा स्वभाव तसाच. खालच्या फळीमागं भिंतीशी फडकं घातलं तर हाताला काहीतरी लागलं. ओढून काढलं. लाल कापडात बांधलेलं पुडकं.

काका दारात उभे. म्हणाले, ते राहू द्या वहिनी.

त्यावर चिठ्ठी न्हवती. मी विचारलं, कुणाचं आहे? मी सुतळी धरली, तसे पटकन म्हणाले, मालकाचं आहे. मी सुतळीवरचा हात काढला न्हाई. मंग काका जे बोलले, तितकं त्यांना मी त्याच्या आधी बोलताना ऐकलं न्हवतं आणि नंतर बी न्हाई.

"लग्न झालं तवा मालक आले आन् हसत म्हणाले, काका, आमची सोडू नका, पोरगं झाल्यावर सोडू. मी ठेवली. एक वर्ष झालं, दोन झाली. बाकीच्या सुटून राह्यल्या, तुमची एकटीच फळीवर. तुम्ही रोज कागद काढायला आत येता. एक दिवस तुम्हाला दिसली असती. मंग मी ठरवलं, कुणाचीच सोडायची न्हाई."

मी विचारलं, आणि पेढ्याचा नियम?

"कुणी विचारलं तर काहीतरी सांगायला पाहिजे की."

मी त्या पुडक्याशेजारी खाली बसले. पुण्याची दोन पार्सलं, बिनकान्याचे शब्द, माझी घरोघर फिरती, अकरा नारळ, सगळ्याच्या मुळाशी हे एक होतं. ह्या म्हाताऱ्यानं माझी एक पत्रिका लपवायला त्रेसष्ट लग्नं माझ्या आड उभी केली होती, आणि मी पदर खोचून एकेक करून ती बाजूला केली होती. मला रडू आलं, आणि राग पण आला, आणि राग कुणावर धरावा ते कळेना. पंधरा दिवस ह्या माणसानं माझ्याकडून पेढे घेतले, गुळाचा खडा घेतला, आणि शब्द न बोलता पुडकी सोडली. प्रत्येक पुडकं सोडताना त्यांना ठाऊक होतं की आता ही एकटी पडणार.

हे आले. पुडकं बघितलं आणि त्यांना स्टेशनवर जायचं आठवलं न्हाई. मी विचारलं, विसरला होता ना?

"न्हाई," हे म्हणाले. "दरसाल वाटायचं काकांना सोडा म्हणावं. पण सोडा म्हटलं असतं तर मी आशा सोडली असं झालं असतं. तुला कळलं असतं तर?"

हा माणूस. ह्याच्यावर चिडायचं मी आयुष्यभराचं ठरवून ठेवलंय, आणि हा मधेच असं काहीतरी बोलतो. मी डोळे पुसले आणि सुतळी सोडली. काकांनी तोंड भिंतीकडं केलं. हे तिथंच उभे राह्यले, मला न्हाई म्हणाले न्हाईत.

आत आमची पत्रिका. उलटं वाचायला मी आता शिकले होते. वर श्री, कुलदेवता प्रसन्न, चिरंजीव गजानन, आणि त्यांच्याशेजारी चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी प्रेमला. ते माझं माहेरचं नाव. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं अरुंधती लिहिलं, आणि त्या दिवसापासून मला कुणी प्रेमला म्हटलं न्हवतं. माहेरी सुद्धा दोन वर्षांत सगळे अरुंधतीवर आले. मला वाटलं होतं, त्या नावाची आता कुठं खूणच न्हाई. ती इथं लाल कापडात होती, सात वर्षं, खिळ्यांनी नीट जुळवलेली.

एकेक खिळा मीच सोडला. काने काकांच्या हातात दिले, ते काकांनी तोंड न वळवता घेतले आणि बाहेर जाऊन चौथ्या पानात बसवले. गोष्टीतली मुलगी घरी पोचली. ह्यांचं नाव मी मोडलं, त्याचे खिळे खान्यात गेले. हे मदत करायला पुढं आले आणि ग चा खिळा थेट घ च्या खान्यात टाकला. मी त्यांना परत उभं राहायला सांगितलं.

प्रेमला मोडलं न्हाई. तेवढी ओळ तशीच उचलून दोन बोटांत घट्ट धरली आणि बाहेर आणली. वरच्या पानासाठी काकांनी सौ. अरुंधती गजानन जुळवायला घेतलं होतं. मी म्हटलं, काका, ती राहू द्या, लेखिकेच्या जागी ही बसवा. काकांनी ओळ बघितली. माझ्याकडं बघितलं. मंग ती पानात बसवली, बाजूनं आवळली आणि बोट फिरवून खिळे समपातळीत आहेत का ते बघितलं.

प्रूफ निघालं. वरच्या पानाचं प्रूफ मालकानं बघायचं, ही सासऱ्यांची पद्धत, ती हे मोडत न्हाईत. खिडकीशी उजेडात धरून ह्यांनी पुस्तकाचं नाव वाचलं, शाळेचं नाव वाचलं, आणि खाली येऊन थांबले.

"लेखिका प्रेमला," ह्यांनी मोठ्यानं वाचलं. "ही कोण?"

"तुमच्या लग्नाला आल्ती," मी म्हटलं. "तुमच्या लक्षात न्हाई राह्यली."

मंग ह्यांनी ते प्रूफ पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं, खाली सही केली, आणि रामकिसनला म्हणाले, चालव.